खिळ्यावरची चौथी रिंग

त्या मंगळवारी दुपारी स्टेशनावरून फौजी गाडी गेली आणि गोळा नाहीसा झाला. दोन तासांनी स्टेशनमास्तर चोरीच्या तक्रारीचा कागद घेऊन आमच्या ठाण्यात आले. माझ्या नोकरीत याहून कितीतरी मोठे गुन्हे झाले, त्यांचे तपशील आता पुसट झालेत. ती दुपार मात्र अजून समोर उभी राहते.

सातारा आणि सांगली यांच्या मधले ते स्टेशन. नाव सांगत नाही, कारण माणसे ओळखू येतील. दोन खोल्यांची दगडी इमारत, मालधक्का, एक कडुलिंब आणि तिन्ही बाजूंनी ऊस. रूळ अरुंद होते तेव्हाची ती इमारत. पुढे रूळ रुंद झाले, गाड्या उंच झाल्या, म्हणून फलाट भर घालून वर उचलला. इमारत होती तिथेच राहिली. त्यामुळे तिकीट काढायला फलाटावरून दोन पायऱ्या खाली उतरावे लागे. नवखा माणूस हमखास अडखळायचा आणि कडुलिंबाखाली बसलेली म्हातारी माणसे म्हणायची, "पाव्हणं, स्टेशन आमचं खाली हाय, जरा वाकूनच या."

जमीन दिली होती शेजारच्या गावाने, पण पाटीवर नाव लागले चार कोसांवरच्या बाजारपेठेचे. ही सल गावाने दोन पिढ्या जपली. तिथून फौजेत जाणारी पोरे घराघरांत होती. ती याच फलाटावरून जात आणि याच फलाटावर उतरत. बाजारपेठेची माणसे त्या स्टेशनावर क्वचितच दिसत. स्टेशन खऱ्या अर्थाने गावाचे होते, पाटीवर काहीही असो.

गोळा म्हणजे काय, ते सांगायला हवे. तेव्हा तो मार्ग एकेरी होता. दोन स्टेशनांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी प्रत्येक टप्प्याचे धातूचे गोळे असत. त्यावर टप्प्याचे नाव आणि क्रमांक कोरलेला. ड्रायव्हरच्या हाती त्या टप्प्याचा गोळा असल्याशिवाय गाडी पुढे हलायची नाही. पुढच्या स्टेशनावर तो गोळा यंत्रात परत टाकला की मगच दुसऱ्या गाडीसाठी गोळा निघे. गाडी थांबणार नसेल, तर गोळा चामड्याच्या पिशवीत घालून ती पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला बांधत. पॉइंटमन रिंग उंच धरून उभा राही, इंजिनातला माणूस चालत्या गाडीतून तिच्यात हात घालून ती उचली आणि मागच्या टप्प्याची रिंग फलाटावर टाकी.

त्या दिवशी रिंग आली, पण पिशवीत गोळा नव्हता. निदान पॉइंटमनने स्टेशनमास्तरांना सांगितले ते तसे.

हा पॉइंटमन म्हणजे तात्या. गावात सगळे त्यांना तात्याच म्हणत, मीही तसेच म्हणेन. त्यांचे वडील याच स्टेशनावर पॉइंटमन होते. तात्यांचा जन्म मालधक्क्यामागच्या रेल्वेच्या खोलीत झाला आणि सेवानिवृत्तीला सहा महिने उरले असताना ते त्याच खोलीत राहत होते. बत्तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक शेरा नव्हता.

गोळा नाही म्हणून यंत्र अडले. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ येईपर्यंत गाड्या कागदी परवान्यावर सोडाव्या लागल्या. वरिष्ठांनी तात्यांना नोटीस दिली. आठ दिवसांत, म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत, खुलासा करा. गोळा न मिळाल्यास खातेनिहाय चौकशी. अशी चौकशी लागली की निवृत्तीचे सगळे अडकते आणि माणूस कलंक घेऊन घरी जातो.

रेल्वे पोलिसांचा एक जमादार आला होता. त्याने कुंपणाकडे बोट दाखवले.

"साहेब, तारेच्या आत माझं, बाहेर तुमचं. गोळा पिशवीतून उडाला म्हणतात. आत मी बघितलं, नाही."

म्हणजे ऊस माझ्या वाट्याला आला. बुधवारी मी चार शिपाई आणि गावातली दहा-बारा माणसे घेऊन उसात शिरलो. उसाची पात अंगाला काय करते, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या दिवसाची कल्पना येईल. दुपारपर्यंत आम्हाला एक विळा, दोन चपला आणि सापाची कात मिळाली. उसाचे मालक बांधावर उभे राहून सगळे बघत होते.

"साहेब, गोळा हरवलाय रेल्वेचा, आन आडवा झालाय ऊस माझा. ह्याचा पंचनामा कोन करनार?"

"अण्णा, सापडला की थांबतो."

"आन न्हाई सापडला तर?"

आमचे हवालदार आतून ओरडले, "तर तोड आल्यावर कारखान्यात सापडंल, अण्णा."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. ते कुंपणाशी उभे होते, हातात हिरवा-लाल झेंडा तसाच गुंडाळलेला. पडलेल्या वस्तूचा धनी शोधणाऱ्यांच्या मागे मागे फिरतो; इथे पाहिले का, तिथे पाहिले का, असे विचारून भंडावून सोडतो. तात्यांनी एकदाही उसाकडे पाहिले नव्हते.

मी त्यांना कडुलिंबाखाली बसवून जबाब घेतला.

"तात्या, ड्रायव्हर म्हणतो, त्याने गोळ्यासकट रिंग टाकली."

"आसंल."

"मग गोळा गेला कुठे?"

"मला न्हाई सांगता यायचं, साहेब."

शब्द नीट ऐकावेत, ही सवय मला नोकरीने लावली. ते 'मला माहीत नाही' म्हणाले नव्हते. मी आवाज चढवून पाहिला, समजुतीने विचारून पाहिले. घाबरलेला माणूस कधी ना कधी बोलतो, कारण बोलून सुटावेसे त्याला वाटते. तात्या घाबरलेले नव्हते. त्यांना लाज वाटत होती, आणि अशा माणसाला दरडावून उपयोग नसतो.

ड्रायव्हरला मी मिरजेला जाऊन भेटलो. सरळ माणूस. पिशवीचा पट्टा घट्ट होता, त्याने स्वतः हात लावून पाहिला होता. जाताना त्याने एक गोष्ट सहज सांगितली. "फलाटावर एक म्हातारी होती, साहेब. इंजिनाला हात जोडून उभी होती. असं आता कुणी करत नाही, म्हणून लक्षात राहिलं."

गुरुवारी सकाळी मी तिसऱ्यांदा स्टेशनावर गेलो. तोवर माझ्याकडे कुठलीच दिशा नव्हती. स्टेशनमास्तर टेलिफोनवर बोलत होते, म्हणून मी त्यांच्या खोलीत उभा राहिलो. भिंतीवर चार खिळे आणि चार खिळ्यांवर चार रिंगा. रजिस्टरप्रमाणे चारच असायला हव्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिले नव्हते. मीही पाहिले नव्हते.

त्या सकाळी चौथ्या रिंगेकडे मुंग्या निघाल्या होत्या. खिडकीच्या चौकटीतून निघालेली रांग भिंतीवरून खिळ्यापर्यंत गेली होती आणि तिथून पिशवीत. बाकीच्या तीन पिशव्यांकडे एकही मुंगी वळत नव्हती.

मी ती पिशवी उतरवली. आत हात घातला, तेव्हा बोटांना तुपकट भुगा लागला. वास घेतला. डिंक, खोबरे, जायफळ. मग रिंग उजेडात धरली. इतर तिन्हींवर क्रमांकाचा पत्रा होता, हिच्यावर पत्र्याच्या जागी खिळ्यांची दोन भोके होती. ही कधीकाळी रद्द झालेली, जुनी रिंग होती.

मी ती घेऊन मालधक्क्यामागे गेलो. तात्या कंदिलाच्या काचा पुसत होते. मी रिंग त्यांच्यापुढे धरली. एक मुंगी अजून पिशवीच्या काठावर फिरत होती. तात्यांनी ती बोटाने हलकेच उचलून जमिनीवर सोडली आणि माझ्याकडे पाहिले.

"बसा साहेब," ते म्हणाले. "पर बाईचं नाव कागदावर नगं."

मग त्यांनी जे सांगितले, ते त्या स्टेशनाच्या कुठल्याच रजिस्टरात नाही.

त्यांच्या वडिलांच्या वेळी, लढाईच्या दिवसांत, फौजी गाड्या या स्टेशनावरून न थांबता जात. गावातल्या बायकांना कळे की आपला पोरगा, आपला धनी, त्या गाडीत आहे. शिदोरी घेऊन त्या फलाटावर उभ्या राहत. गाडी रिंगसाठी हळू व्हायची खरी, पण हातातून हातात गाठोडे देण्याइतकी हळू नाही. कितीतरी गाठोडी चाकांखाली गेली. हे पाहून वडिलांनी रद्द झालेली एक रिंग मागून घेतली. इंजिनाची रिंग दिली की तिथूनच ते मागे धावत आणि शिदोरीची रिंग उंच धरत. दारातला जवान तिच्यात हात घाली. पुढच्या थांब्यावर तो ती रिंग कुणाकडे तरी देई आणि ती परतीच्या गाडीने स्टेशनावर परत येई. बाप गेल्यावर तात्यांनी ते काम चालू ठेवले. नियमात हे बसत नव्हते, हे दोघांनाही माहीत होते. एकामागून एक आलेल्या स्टेशनमास्तरांनी त्या अर्ध्या मिनिटापुरते रजिस्टरात डोके घातले होते. आताचे मास्तर नवे होते, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मंगळवारी एका बाईचा मुलगा बेळगावहून उत्तरेकडे निघाला होता. आदल्या दिवशी त्याने फोन केला होता. बाई तात्यांनी दिलेली जुनी रिंग घेऊन आली, पिशवी लाडूंनी गच्च भरलेली.

"इंजान आलं की ती हात जोडती, साहेब. सासूनं शिकीवलंय तिला. हात जोडाय म्हून तिनं रिंग खाली ठेवली. तवर ड्रायव्हरनं त्याची टाकली, ती घरंगळत बरुबर तिच्या पायापाशी. मी पळत आलो. दोनी रिंगा धुळीत. पोरगं दारात हात काढून उभं. मी एक उचलली आन दिली."

"वजन कळलं नाही?"

"लाडू गोळ्याइतकंच जड हुतं," तात्या म्हणाले. "तिला लय सांगितलं हुतं, चारच घाल म्हून."

मास्तरांच्या खोलीकडे जाताना त्यांनी पिशवी उघडली, तेव्हा सारे समजले. गाडी गेली होती. लाडू त्यांनी पंच्यात बांधले आणि मास्तरांना सांगितले, गोळा आलाच नाही. बत्तीस वर्षांत ते साहेबांशी पहिल्यांदा खोटे बोलले होते. ते लाडू अजून तसेच डब्यात होते.

"खाल्ले नाहीत?"

"दुसऱ्याच्या पोराचं हाईत, साहेब."

पहिली गोष्ट मी ही केली की तात्यांना मास्तरांपुढे नेले. "मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा," एवढेच म्हणालो. त्यांनी उभ्याने सगळे सांगितले. मास्तर तरुण होते, पुस्तकी होते आणि चिडलेही होते.

"तात्या, दोन दिवस लोकं उसात फिरतायत."

"व्हय साहेब. चुकलो."

"गोळा पुढच्या गुरुवारपर्यंत इथे टेबलावर आला, तर मी खरं तेच लिहीन, पण तुमच्या बाजूने लिहीन. नाही आला, तर माझ्या हातात काही नाही."

आता प्रश्न एकच होता. गोळा देशाच्या दुसऱ्या टोकाला निघालेल्या एका जवानाजवळ होता आणि आमच्याकडे सात दिवस होते.

त्याच संध्याकाळी मी तात्यांबरोबर त्या बाईंच्या घरी गेलो. त्या शेणी थापत होत्या. पोलीस पाहून उभ्या राहिल्या, पण गडबडल्या नाहीत. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा.

"म्हंजी पोरानं माझं लाडू खाल्लंच न्हाईत?"

"नाही, मावशी."

"दोन दिस गाडीत काय खाल्लं आसंल त्येनं?" मग एकदम काही आठवल्यासारखे त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "आवं साहेब, सरकारी गोळा त्येच्यापाशी घावला तर त्येला धरत्याल का? त्येची नोकरी जाईल का?"

"तुम्ही मला आणि त्याला बोलू द्या, मग कुणाचं काही जाणार नाही."

जवानाचा फोन दर रविवारी सकाळी किराणा दुकानावर येई. त्या रविवारी मी साध्या कपड्यांत दुकानाच्या बाकावर बसलो. मावशी शेजारी, तात्या जरा लांब, पोत्यांशी. दुकानदाराने त्या दिवशी गिऱ्हाईक बाहेरूनच फिरवले. दहाच्या सुमारास घंटी वाजली. मावशींनी रिसीव्हर कानाला लावला, पण पोराचा आवाज इतका मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होते.

"आये, औंदाचं लाडू लय कडक झालं की गं. दात पडाय आलाय माझा."

मावशी रडत होत्या की हसत होत्या, सांगता येणार नाही. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. मी ओळख सांगितली, तसा पलीकडचा आवाज ताठ झाला.

"साब, तात्यांनी काय केलं न्हाई, साब."

"मला माहीत आहे. गोळा कुठे आहे?"

"ट्रंकेत हाय, साब. दिल्लीच्या आलीकडं भूक लागली तवा पिशवी उघडली. रिंग झाशीलाच पिशवी सोडून एका पोर्टरला दिली व्हती, परत धाडाय. गोळा गार्डाला द्यावा म्हटलं, पर तो इचारनार कुठल्या स्टेशनचा. तात्यांच्या मानंला फास नगं म्हून ठिवला."

त्याच्याच तुकडीतला शेजारच्या गावचा एक जवान सोमवारी रजेवर निघत होता. मी म्हटले, त्याच्याकडे दे. त्याने विचारले, "साब, पावती कुनाची घेऊ?" सैन्यात राहून माणसाला किती लवकर सवय लागते, याची मला गंमत वाटली. "तुझ्या आईची घे," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळची पॅसेंजर चाळीस मिनिटे उशिरा आली. मी, मास्तर, तात्या, मावशी आणि उसाचे अण्णासुद्धा फलाटावर उभे होतो. अण्णांना कुणी बोलावले नव्हते. ते म्हणाले, ज्याच्यापायी माझा ऊस गेला ते तोंड तरी बघू दे. शेवटच्या डब्यातून एक तरणा जवान उतरला. त्याने पिशवीतून लोकरीचा मोजा काढला. मोज्यात गोळा होता.

अण्णांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "एवढ्याशा गोळ्यासाठी," ते म्हणाले आणि तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी तो मास्तरांकडे दिला. मास्तरांनी क्रमांक ताडून पाहिला.

मी पंचनामा केला. टप्प्याचा गोळा चुकून चालत्या गाडीत गेला व एका प्रवाशाने तो स्वतःहून परत पाठवला, असे लिहिले. एकही शब्द खोटा नव्हता. बाईचे नाव नव्हते. चोरी झालेली नसून तक्रार गैरसमजातून झाली आहे, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला. रेल्वेने तात्यांना लेखी ताकीद दिली. बत्तीस वर्षांतला तो पहिला शेरा. चौकशी लागली नाही. झाशीची रिंगही दहा-बारा दिवसांनी एका गार्डाच्या हातून परत आली. मधल्या किती स्टेशनांनी ती पुढे दिली, हे कुणी विचारले नाही.

जुनी रिंग तात्यांनी आपल्या खोलीत नेऊन खिळ्याला टांगली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती खाली काढली नाही. दोन फौजी गाड्या गेल्या, तेव्हा ते फक्त इंजिनाची रिंग देऊन उभे राहिले. मास्तरांनी मला हे सांगितले, तेव्हा त्यांच्याही आवाजात समाधान नव्हते.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी गेलो होतो. हारतुरे झाले, मास्तर चांगले बोलले. शेवटी मावशी पुढे आल्या. त्यांच्या हातात तीच रिंग होती, तात्यांच्या मुलीकडून मागून आणलेली, आणि पिशवी गच्च भरलेली. त्यांनी ती वर उचलून धरली, जशी तात्या इतकी वर्षे धरत होते.

"घे तात्या. गाडी न्हाई, घाई न्हाई. आता सावकाश घे."

तात्यांनी तिच्यात हात घातला. पिशवी उघडून आत पाहिले, तेव्हा मागून अण्णा म्हणाले, "मोजून घे रं बाबा. परत माझ्या उसात शिरू नगा." त्या दिवशी तात्या हसले.

या प्रकरणाने मला जे शिकवले, ते पुढे मी नव्या फौजदारांनाही सांगत आलो. चोरीच्या तक्रारीत आपण काय गेले तेच शोधत बसतो. त्या जागी जास्तीचे काय आले आहे, ते आधी पाहावे. दुसरे सांगायला अवघड आहे. नियम मोडणाऱ्याला शोधणे माझे काम होते आणि ते मी केले. पण ज्या नियमाबाहेर दोन पिढ्या इतक्या आयांची शिदोरी पोचली, तो मोडणारा सापडल्यावर मला आनंद झाला नाही. त्यांनी खरे सांगावे, एवढाच माझा आग्रह होता. त्यांनी सांगितले. त्याची किंमत त्यांनी ती रिंग खाली न काढून मोजली, आणि तेवढी मी मागितली नव्हती.

मग मार्ग दुहेरी झाला, वर विजेच्या तारा आल्या, गोळे आणि यंत्रे गेली. पॅसेंजर थांबेनाशी झाली. मावशी गेल्या. त्यांचा मुलगा निवृत्त होऊन कुपवाडला एका कारखान्यात सुरक्षेच्या कामाला आहे. भेटला की दाताला हात लावून हसतो. तात्या गेल्या महिन्यात गेले. तेराव्याला मी गेलो, तेव्हा त्यांच्या मुलीने कागदात गुंडाळलेली रिंग माझ्या हातात दिली. तात्यांना ती दादा म्हणे. म्हणाली, "दादांनी सांगून ठेवलं व्हतं, ही साहेबांची." ते असे का म्हणाले, हे मी तिला विचारले नाही.

परत येताना स्टेशनावर थांबलो. इमारतीला कुलूप आहे. पाटीवरचे नाव पुसले गेले आहे. कडुलिंब आहे. फलाटावरून खाली उतरणाऱ्या दोन पायऱ्या आहेत. रिंग माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी खिळ्याला अडकवली आहे.